भिंतीतल्या माश्यांची राळ

भिवंडी, १२ जून १९८८

चंद्रा,

अक्षर ओळखलं असशील. नऊ वर्षांत फार बदललेलं नाही, जरा मोठं झालंय, कारण चष्मा लागलाय. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच. यात भांडण नाही. एक प्रश्न आहे.

गेल्या आठवड्यात वाण्याकडून साबण ज्या वर्तमानपत्रात बांधून आला, त्यात तुझं नाव होतं. ‘डॉ. चंद्रा तरे, आतड्यांच्या विकारांवर उंदरांवरील संशोधन.’ फोटो निम्मा फाटलेला होता, पण भुवया तुझ्याच. कशेळीची आमची चंद्रा, जी कॉलेजात बेडूक चिरायच्या तासाला खिडकीतून बाहेर बघायची, ती आता उंदरांची आतडी बघते! मी खूप वेळ हसले. मग साबण तसाच ठेवून बातमी तीनदा वाचली.

माझे बावा पाच वर्षांपूर्वी गेले. कारखाना आता माझे मिस्टर, मोहिउद्दीन, बघतात. चोवीस लूम आहेत. मागची भिंत तशीच आहे आणि भिंतीच्या फटीतल्या पोयाच्या माश्याही तशाच आहेत. मुंगीएवढ्या, काळ्या, डंख नसलेल्या मधमाश्या. दोन शिफ्टमध्ये लूम धडधडतात, भिंतीला हात लावला तर हाताला मुंग्या येतात, पण माश्यांना त्याचं काही नाही. फटीच्या तोंडाशी त्यांनी राळेची नळी बांधलीय, करंगळीएवढी. संध्याकाळ झाली की ती जवळजवळ बंद करून घेतात.

तुला ती पाल आठवते? कॉलेजच्या शेवटच्या वर्षी भिंतीचा गिलावा पडला तेव्हा पोळ्याच्या आत सापडलेली. माश्यांनी तिला मारलं नव्हतं, कदाचित ती आपली आपणच अडकून मेली असेल. बाहेर ओढून टाकणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून त्यांनी तिला राळेत लपेटून टाकलं होतं. कित्येक महिन्यांची मेलेली पाल, पण वास नाही, किडे नाहीत. आपण तीच राळ खरवडून नासलेल्या दुधाच्या बशांमध्ये घातली होती आणि रोज सकाळी पळत बघायला जायचो.

आता प्रश्न. माझ्या ओळखीची एक बाई आहे, वय तीस. दीड वर्षापासून तिला दिवसातून आठ-नऊ वेळा संडासला जावं लागतं. मुरडा येतो, आव पडते, रक्त पडतं. ठाण्याच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत म्हणाले. जी राळ मेलेल्या पालीला सडू देत नाही, ती जिवंत आतड्याला काही करत असेल का?

तुझ्याशिवाय हे विचारण्यासारखं माझ्या ओळखीचं कोणी नाही.

आबिदा


भिवंडी, ३ ऑगस्ट १९८८

प्रिय चंद्रा,

तुझं उत्तर आलं. पाच ओळी, पाचही प्रश्न. ‘बाई कोण? वजन किती घटलं? ताप असतो का? कोणती औषधं चालू आहेत? तिनं ती राळ खाल्ली आहे का?’ खुशालीचा एक शब्द नाही. वाचून बरं वाटलं. तू रागावलेली असलीस की व्याकरण नीट लिहितेस, हे मला माहीत आहे.

क्रमानं सांगते. बाई मीच. हे तू पहिल्याच पत्रात ओळखलं असणार.

वजन अकरा किलो घटलं. ताप नाही. घरात सासूबाईंना वाटतं मला मूळव्याध आहे, कारण तेवढंच मी सांगितलंय. लग्नाकार्याला जाणं सोडलं. कुठेही गेले की आधी संडास कुठे ते बघते. ठाण्याच्या एसटीत बसायचं तर आदल्या दिवसापासून काही खात नाही. मोहिउद्दीन चांगले आहेत, डॉक्टरकडे तेच घेऊन गेले. परत येताना कल्हेर मागे पडल्यावर म्हणाले, “तू इतकं शिकलेली. तुलाच कळत नाही का काय झालंय ते?” चिडून नाही म्हणाले. खरंच विचारत होते.

तेव्हा मला वाटलं, खरंच, मी कधी बघितलंच नाही की काय होतंय. नुसती घाबरत राहिले. त्या दिवसापासून वही घातली. किती वेळा, रक्त किती, काय खाल्लं.

राळ मी एप्रिलपासून खाते. तुरीच्या डाळीएवढी गोळी, पिठात लोळवून, सकाळी उपाशीपोटी. चव कडू, जिभेला जरा बधिरपणा येतो. वहीतून उतरवते: एप्रिलमध्ये दिवसाला आठ-नऊ, मेमध्ये सहा, जूनच्या शेवटी चार, आता तीन. रक्त गेल्या बारा दिवसांत एकदाच.

औषधांचं विचारलंस. डॉक्टरांनी केशरी गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी मळमळायचं, म्हणून मार्चमध्येच बंद केल्या.

तर आता मला सांग, हे कशानं झालं?

आबिदा


भिवंडी, २० नोव्हेंबर १९८८

प्रिय चंद्रा,

तू उंदरांवर करून बघायला तयार झालीस! पत्र वाचून मी माडीवरून खाली पळत आले आणि मग कोणाला सांगावं ते कळेना, म्हणून भिंतीपाशी जाऊन माश्यांनाच सांगितलं. आमचा जॉबर लूम दुरुस्त करता करता माझ्याकडे बघत राहिला.

भिंतीतून तुला हवी तेवढी राळ निघणार नाही, पोळं मोडेल. पण माणूस मिळाला आहे. लडकू नावाचा, अकलोलीचा. गरम पाण्याच्या कुंडांपलीकडच्या रानात त्याला पोयाच्या माश्यांची चाळीसेक झाडं माहीत आहेत. पन्नाशीचा असेल. मी त्याला विचारलं, “लडकूदादा, राळ काढली तर माश्या जातात का?”

“सगली काढली तं जातीन,” तो म्हणाला. “तुजं घर कोनी सगलं नेलं तं तू ऱ्हाशील का? मी तोंडाची नली तेवरी काढतो. आठ दिसान परत बांधतान.”

“आणि ही राळ त्या आणतात कुठून?”

“झारावरशी. काकड हाय, आंबा हाय, फणस हाय. झाराला घाव पडला का झार चीक सोडतं, आपली जखम बुजवाला. तो चीक ही माशी पायाला लावून नेतं.”

म्हणजे ही मुळात झाडाच्या जखमेवरची खपली. माशी ती चोरून आपल्या घराला लावते. आणि मी ती माश्यांकडून चोरून आपल्या पोटाला लावते. किती हात फिरले!

लडकू बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात राळ घेऊन सोमवारी तुझ्या लॅबवर येईल. त्याला चहा पाज.

इथं बातमी पसरली आहे. सासूबाईंनीच पसरवली, कौतुकानं. मी बरी दिसते, हे खरं. आता बायका येतात. कुणाचं पोट, कुणाची आव, कुणाचं नुसतंच जळजळणं. तीन घरं सोडून हबीबा राहते, तिचा नवरा आमच्याकडेच लूमवर आहे. चार मुलींची आई. तिचं पोट दुखतं आणि संडासला पातळ होतं, अगदी माझ्यासारखं. तिला मी रोजची एक गोळी सुरू केली. “आबिदाआपा, तुमच्या हाताला गुण आहे,” म्हणाली. मी तिलाही वही घालायला सांगितली, तर हसली. तिला लिहिता येत नाही, म्हणून दारामागे कोळशाच्या रेघा मारते.

तू लिहिलंस, ‘लोकांना देऊ नकोस, आपल्याला अजून काही माहीत नाही.’ बरोबर आहे तुझं. पण कोणी दारात येऊन उभं राहिलं की काय करू?

आबिदा


भिवंडी, ५ मार्च १९८९

चंद्रा,

हबीबा ठाण्याच्या हॉस्पिटलात आहे. गेल्या मंगळवारी सकाळी तिचं पोट फळीसारखं कडक झालं. मोहिउद्दीननी कपड्याचे तागे उतरवून टेम्पो मोकळा केला आणि तिला घातलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसले होते. कशेळीच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या. ती म्हणाली, “आपा, आज रेघ मारायची राहिली.”

आतडं फुटलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हा आतड्याचा क्षय आहे, निदान सात-आठ महिन्यांचा.

त्यांनी मला विचारलं, “हिला संध्याकाळी ताप यायचा का?”

यायचा. ती मला म्हणाली होती की दिवेलागणीला अंग तापतं. तू मला पहिल्याच पत्रात विचारलं होतंस, ताप असतो का. मी स्वतःपुरतं ‘नाही’ लिहिलं आणि विसरले. तिला तेच विचारायला हवं होतं, हे मला सुचलंच नाही. माझं पोट आणि तिचं पोट एकच, असं मी धरून चालले. दोन महिने आधी डॉक्टरकडे गेली असती तर नुसत्या गोळ्यांवर बरी झाली असती. ती गेली नाही, कारण तिच्याकडे माझी राळ होती.

जगेल म्हणतात. अजून नक्की नाही.

आता बाकीचंही सांगून टाकते.

मी गोळ्या बंद केल्या नव्हत्या. ऑगस्टमध्ये तुला खोटं लिहिलं. केशरी गोळ्या मी एक दिवसही चुकवलेल्या नाहीत, मळमळायचं तरी घ्यायचे. गोळ्यांचं कळलं असतं तर तू म्हणाली असतीस, गुण गोळ्यांचा आहे, आणि राळेकडे बघितलंच नसतंस. मला तू बघायला हवी होतीस. तू त्या आकड्यांवर भरवसा ठेवून काम सुरू केलंस. ते आकडे खोडून टाक.

आणि एकोणऐंशी सालचं. आपल्या त्या दुधाच्या बशांवरच्या प्रबंधात तू माझं नाव घातलं नाहीस, म्हणून मी तुला पोस्टकार्ड पाठवलं होतं. एकच शब्द, ‘चोर’. मुद्दाम कार्ड, म्हणजे कशेळीच्या पोस्टमननं वाचावं, तुझ्या आईनं वाचावं. नंतर तू आमच्या दारात आलीस आणि मी माडीवरून खाली आले नाही. खरं हे की त्याआधी तुझं पत्र मला मिळालं होतं. ‘तुझं नाव घालते, सरांना तुझी सही हवी आहे, लगेच पाठव.’ लग्नाच्या आदल्या आठवड्यात आलं. मेंदीचे हात होते, पण सही करता आली असती. नाही केली. तू पुढे शिकणार होतीस आणि मी नाही, याचा राग तुझ्यावर काढला. मग त्या रागाला कारण हवं म्हणून तुला चोर ठरवलं.

या पत्राला उत्तर देऊ नकोस. उंदरांचं काम थांबवायचं असेल तर थांबव.

आबिदा


भिवंडी, २२ जुलै १९८९

प्रिय चंद्रा,

उत्तर देऊ नको म्हटलं होतं, तर तू कार्ड पाठवलंस. सगळ्यांना वाचता येईल असं, उघडं. ‘हबीबा कशी आहे? पुढच्या गुरुवारी ये. मोजायला माणूस हवा आहे. मी मोजू शकत नाही, कारण मला माहीत आहे कोणता उंदीर कोण.’ आमच्या पोस्टमननं ते वाचून मला विचारलं, “बाय, उंदीर मोजाला मुंबईला जातं का?”

गुरुवारी तू तिथंच होतीस, तरी लिहिते, कारण तेव्हा माझ्या तोंडून फार शब्द फुटले नाहीत.

मला वाटलं होतं उंदीर बघून मला रडू येईल. ते जिवंत असताना आलं खरं, पिंजऱ्यातून त्यांनी माझ्या बोटाचा वास घेतला तेव्हा. पण तू पांढऱ्या बशांमध्ये ती आतडी उभी चिरून, पसरून ठेवलीस, अठरा बशा, प्रत्येकीवर नुसता नंबर, आणि माझ्या हातात भिंग दिलंस, तेव्हा सगळं विसरायला झालं. अडीच वर्षं जे माझ्या आत चाललंय, ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते. निरोगी जागा कशी असते तेही मला माहीत नव्हतं. ओल्या रेशमासारखी, बारीक घड्यांची. आणि जखम झालेली जागा, कडेला लाल, मध्ये पिवळट, जणू कुणी विडी टेकवलीय. मी एकेक मोजत गेले. तू लिहून घेत होतीस आणि तुझा चेहरा दगडासारखा. एकदाही कळू दिलं नाहीस.

सहा क्रमांकाच्या बशीत मला चौदा जखमा सापडल्या. अकराच्या बशीत दोन. मी तुला विचारलं, “हा चुकून मध्ये आला का? याला जखमा करणारं ते अॅसिड दिलंच नसेल.” तू म्हणालीस, “मोज.”

मग तू यादी उघडलीस. सहा उंदरांना नुसतं अॅसिड. सहांना आधी पंधरा दिवस राळ आणि मग अॅसिड. सहांना आधी अॅसिड आणि जखमा झाल्यावर राळ. आधी राळ घेतलेल्यांना जखमा कमी, स्पष्ट कमी. नंतर घेतलेल्यांत आणि काहीच न घेतलेल्यांत जवळजवळ फरक नाही.

तू खूश होतीस. मला मिठी मारलीस, दहा वर्षांनी. मीही खूश होते, शपथेवर सांगते. पण दादरहून ठाण्याला येईपर्यंत डोक्यात एकच फिरत राहिलं. मी कोणत्या बशीतली? आधी आजारी पडले, मग राळ खाल्ली. म्हणजे मी शेवटच्या सहांतली. वहीतले नऊचे तीन झाले ते बहुधा केशरी गोळ्यांनी.

वाईट वाटलं का, तर थोडं वाटलं. जास्त करून मोकळं वाटलं. सोळा महिने मी स्वतःवर एक गोष्ट रचत होते, आणि ती खरी आहे की नाही, हे कळायला सोपा रस्ता असतो, अठरा बशा आणि एक भिंग, हे मला माहीत नव्हतं.

राळ खाणं थांबवलंय. दारात येणाऱ्या बायकांना आता एकच विचारते, ताप येतो का, वजन घटलंय का, रक्त पडतं का. आणि डॉक्टरकडे पाठवते. हबीबा गेल्या आठवड्यात काठी टेकत घरी आली. तिच्या नवऱ्यापुढे मी कशी जाऊ, या विचारानं तीन दिवस गेले नाही. शेवटी तिनंच बोलावणं धाडलं. म्हणाली, “तुमच्यावर रागवू की नको, ते मी बरी झाल्यावर ठरवीन. आता आधी भात भरवा.”

आबिदा


भिवंडी, २ मार्च १९९२

प्रिय चंद्रा,

तुझं पत्र मिळालं. नव्या डब्यातल्या राळेनं काहीच केलं नाही? चोवीस उंदीर, आणि आधी दिलेल्यांनाही इतरांइतक्याच जखमा? आणि तुमचे साहेब म्हणतात की पहिला निकाल हा निव्वळ योगायोग, तो छापायला पाठवलेला लेख मागे घे?

मागे घेऊ नकोस. निदान एक महिना थांब. त्या वेळी मी स्वतः मोजलंय, माझं मोजणं चुकलं नव्हतं. तुझा हिशेबही चुकला नसणार. मग दोन्ही वेळा खरंच तसं झालं असेल तर? मध्ये काहीतरी बदललंय, आणि उंदीर, अॅसिड, बशा, तू, हे सगळं तेच आहे. उरला तो डबा.

राळेचा नमुना माझ्याकडेही थोडा आहे. काल दोन्ही डब्यांतली राळ शेजारी ठेवली. जुनी लालसर, नखानं तुटते, कैरीच्या चिकासारखा वास. नवी काळी, ताणली की तार निघते. आणि वास कसला आहे ते मला ओळखता येईना. ओळखीचा वास आहे, पण रानातला नाही. मोहिउद्दीनना दिली. त्यांनी हुंगली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “ही तर सडक की बास आहे. रोड बनवतात तेव्हा येते ती.”

लडकूला निरोप धाडलाय.

आबिदा


भिवंडी, ११ एप्रिल १९९२

प्रिय चंद्रा,

लेख मागे घेतला नाहीस ना?

लडकू आला. मी डबा त्याच्यापुढे ठेवला. “लडकूदादा, ही राळ कुठली?”

“अकलोलीची. दुसरी कुठली आसंल?”

“रानातली?”

तो चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, “बाय, खोटं कशाला बोलू. रानान जावाला आता मना टाइम न्हाय. दापोड्याला गोडाऊनवर वॉचमन हाय मी, सा म्हयने झालं. तिथंच भिंतीन पोला गावला. माशी तीच हाय ना? माशी तीच, तं राल बी तीच.”

मी रागावले नाही. तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले असते.

काल मोहिउद्दीनबरोबर स्कूटरवरून दापोड्याला गेले. तू ते पाहिलं नाहीस. जिथे भातखाचरं होती तिथे पत्र्याची गोदामं, ट्रकांच्या रांगा. आंबे नाहीत, काकड तर नाहीच. भर दुपार होती. लडकूनं पोळं दाखवलं, गोदामाच्या कोपऱ्यात, पायाच्या दगडांत. नळी काळी कुळकुळीत.

मी माश्या जातात कुठे ते बघत बसले. त्या लहान, फार लांब जात नाहीत. एक सरळ फाटकाकडे गेली. मीही मागे गेले. दुसरी गेली, तिसरी गेली. गोदामापुढचा रस्ता नवा केलाय, उन्हानं डांबर वितळून कडेला चकाकत होतं. आणि त्या डांबरावर, चंद्रा, माश्या बसल्या होत्या. पंचवीस-तीस. पुढच्या पायांनी कण तोडत होत्या आणि मागच्या पायांवर थापत होत्या, अगदी जशा झाडाच्या चिकावर करतात तशा. दोघी-तिघी फाटकाच्या ओल्या रंगावर होत्या. एकीच्या पायांवर हिरवा रंग होता.

मी रस्त्यात उकिडवी बसले होते, डोक्यावरचा पदर खाली आलेला, मागून ट्रकवाला भोंगा वाजवतोय आणि मोहिउद्दीन त्याला हात करून सांगतायत, “रुको भाई, रुको, मॅडम का काम चल रहा है.”

झाडं उरली नाहीत, तर माशीला चिकट काहीतरी हवं आहे, फटी बुजवायला. ती डांबर नेते. तिच्या दृष्टीनं चालतं. उंदराच्या आतड्याला नाही चालत.

आपण इतकी वर्षं विचारत होतो की माशीच्या राळेत काय आहे. विचारायचं होतं की झाडात काय आहे, आणि कुठल्या झाडात.

जुन्या रानातली राळ घेऊन मी स्वतः येते आहे, लडकूबरोबर जाऊन, प्रत्येक झाडाची पानंही वेगळी बांधून. दापोड्याची वेगळ्या डब्यात. डब्यांवर फक्त नंबर घालीन. कुठला कुठला, ते मोजून झाल्यावरच सांगेन. या वेळी तू मोज.

आबिदा


भिवंडी, १८ सप्टेंबर १९९४

प्रिय चंद्रा,

छापलेला लेख मिळाला. इंग्रजी आहे, दोन दिवस लागले. अकलोलीची राळ पुन्हा आतडं राखते, दापोड्याची राखत नाही, आणि काकडाची झाडं जास्त असतात तिथली सगळ्यात जास्त राखते. शेवटी तू लिहिलंस की हे उंदरांत, तेही अॅसिडच्या जखमांत, आणि माणसाबद्दल यावरून काही म्हणता येत नाही. ती ओळ मी हबीबाला मराठीत सांगितली. ती आता मोहल्ल्यातल्या बायकांना स्वतः डॉक्टरकडे नेते, नवऱ्यांशी भांडून. रागवायचं की नाही ते तिनं अजून ठरवलेलं नाही म्हणते, आणि दर आठवड्याला माझ्याकडे जेवायला येते.

माझं विचारलंस. गेल्या थंडीत पुन्हा उसळलं होतं, दोन महिने गेले. केशरी गोळ्या वाढवल्या, दुसऱ्याही दिल्या, तोंड भोपळ्यासारखं सुजलं. मग उतरलं. हा आजार असाच जातो-येतो, असं डॉक्टर म्हणतात. पहिल्यासारखी भीती आता वाटत नाही. मला मूळव्याध नाही, हे सासूबाईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “मला कधीच खरं वाटलं नव्हतं.”

परवा तुझ्या त्या ओळखीच्या डॉक्टरांकडे मुंबईला तपासणी झाली. हबीबा बरोबर आली होती, बाहेर बाकावर बसली. आता नळीच्या टोकाला कॅमेरा असतो आणि सगळं टीव्हीवर दिसतं. कुशीवर झोपवलं, पडदा माझ्या डोक्याच्या बाजूला होता. डॉक्टर तरुण, फार सभ्य. म्हणाले, “मावशी, डोळे मिटून घ्या. बघितलं की लोकांना कसंतरी होतं.”

मी म्हटलं, “उलट तो टीव्ही जरा माझ्याकडे फिरवा.”

त्यांनी फिरवला. गुलाबी बोगदा, ओला, दिव्यात चमकणारा. काही ठिकाणी जुन्या जखमांचे पांढुरके वण, बाकी नितळ. बारीक बारीक रक्तवाहिन्या, आंब्याच्या पानावरच्या शिरांसारख्या. दुखत होतं, नाही असं नाही. डॉक्टर नळी मागे घ्यायला लागले.

“झालं मावशी, छान आहे सगळं.”

“थांबा,” मी म्हटलं. “डावीकडे वळणावर एक जागा गेली आत्ता, जरा वेगळी दिसली. परत न्या ना तिकडे. मला नीट बघू दे.”

त्यांनी आधी नर्सकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि नळी परत आत घेतली.

आबिदा